अडतीस सेकंद मागे

टक. टक. टक.

भिंतीतून तीन ठोके आले, आणि खोलीत अजून कुणी काही विचारलंच नव्हतं.

दादांच्या हातातली लाल पेन्सिल तशीच अधांतरी राहिली. पडद्यावरची निवेदिका पहिल्या स्पर्धकाला त्याच्या मांजरीचं नाव विचारत होती. पहिला प्रश्न यायला अवकाश होता. मांडीवर बसलेल्या टिल्लीने मात्र तीन बोटं वर केली, कारण तिचं काम तेवढंच. भिंत जितकी वाजेल तितकी बोटं आजोबांना दाखवायची.

"आजोबा, तीन."

"ऐकलं गं. पण कशाचे तीन?"

वाळलेले कपडे छातीशी धरून आत येणारी सून दारातच थांबली. रविवारी साडेसहा ते सात या खोलीत कुणी बोलायचं नाही, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून पाळत होती. प्रश्नमंच सुरू असताना दादा स्वतःसुद्धा बोलत नसत. आज बोलले.

तेवढ्यात निवेदिकेने मांजरीचा विषय आवरता घेतला आणि प्रश्न वाचला. मधमाशीला डोळे किती असतात? दोन, तीन, पाच, आठ.

पाच. तिसरा पर्याय. दादांना उत्तर येत होतं. त्यांनी पेन्सिलीच्या बुडाने भिंतीवर तीनदा ठोकलं, पण एरवीसारखं चटचट नाही. लिहावं की नाही, असा विचार करत लिहिल्यासारखं.

"प्रश्न यायच्या आधी उत्तर," ते म्हणाले. "पेपर फुटलाय त्याला."

भिंतीपलीकडे दादांचा धाकटा भाऊ राहत होता. जुळं घर, मधे एक भिंत, दोन्हीकडे तेवढ्याच खोल्या. दोघं भाऊ एकाच छापखान्यात हयात घालवून म्हातारे झाले. धाकटा छपाईचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, जुळवायचा, म्हणून सगळे त्याला खिळेकाका म्हणत. थोरला प्रुफं तपासायचा. धाकट्याने जुळवायचं, थोरल्याने वाचायचं, असा घरचाच कारखाना. मग छापखान्याला पन्नास वर्षं झाली त्याचं पुस्तक निघालं, आणि त्यात तिथेच नोकरी केलेल्या त्यांच्या वडिलांच्या फोटोखाली दरवानाचं नाव आलं, दरवानाच्या फोटोखाली वडिलांचं. हजार प्रती वाटून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. दादा म्हणाले, मी वाचलं तेव्हा बरोबर होतं, नंतर ओळी हलल्या. काका म्हणाले, तू सही केलेलंच मी छापायला दिलं. एवढंच. त्याला आता सतरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते.

शब्द नाही. ठोके होते. ते कधी सुरू झाले हे दोघांपैकी कुणीच सांगितलं नसतं, पण दर रविवारी प्रश्न वाचून झाला की काका आधी ठोकायचे, एक ते चार, आणि घड्याळाचं अर्धं मिनिट संपायच्या आत दादा आपलं उत्तर ठोकायचे. धाकट्याने आधी, थोरल्याने मागून. छापखान्यात होतं तसंच.

*

खिळेकाकांकडे जुनी केबल होती. तारेचा मूळ फाटा त्यांच्याच बाजूला उतरलेला, आणि तिथून एक तुकडा भिंतीतल्या भोकातून पलीकडे दादांकडे गेलेला. भांडणाच्या आधीची गोष्ट. नंतर ती तार तोडावी असं कुणाच्या मनात आलं असेलही, पण तोडायची म्हणजे आधी बोलावं लागलं असतं.

शुक्रवारी मात्र ती तार पलीकडून कुणीतरी ओढून घेतली. काकांनी ती भोकातून सरसर जाताना पाहिली, शेपूट आत घेणाऱ्या प्राण्यासारखी. मग भोकात कागदाचा बोळा आला. पलीकडे सुनेने नवीन काहीतरी घेतलंय, बिनतारी, हे त्यांना दूधवाल्याकडून कळलं. ठीक आहे. त्यांच्या टीव्हीला काही झालं नव्हतं.

आज पहिल्या प्रश्नाला त्यांनी तीन ठोकले. ते ठोकायला एक लाकडी अक्षर वापरत, जाहिरातीच्या मोठ्या खिळ्यांपैकी एक, छापखाना बंद झाला तेव्हा खिशात घालून आणलेलं. ठोकून ते वाट बघत राहिले. पडद्यावरचं घड्याळ उतरत गेलं. पंधरा, दहा, पाच. पलीकडून काही नाही. निवेदिकेने उत्तर सांगितलं, पाच. टाळ्या झाल्या. पुढची जाहिरात सुरू होणार, तेवढ्यात भिंत वाजली.

टक, टक, टक.

काकांना आधी वाटलं, दादाला ऐकू कमी येतंय. वयच आहे. दुसऱ्या प्रश्नालाही तसंच झालं. घड्याळ संपलं, उत्तर आलं, मग पलीकडून ठोके, आणि तेही बरोबर. तिसऱ्याला काकांनी मुद्दाम चूक ठोकलं. उत्तर जाहीर झाल्यावर पलीकडून बिनचूक एक ठोका आला.

त्यांनी लाकडी अक्षर मांडीवर ठेवलं.

ते दादावर चिडले होते, सतरा वर्षं सलग चिडले होते, आणि त्यात एक प्रकारची शिस्त होती. पण दादा लबाड आहे असं त्यांच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. मागे एकदा एका रविवारी पलीकडून प्रत्येक प्रश्नाला तीनच ठोके आले होते. चारातून तीन, दहाच्या दहा वेळा. तेव्हा काकांनी ओळखलं होतं की हे वहिनीचे ठोके, म्हणजे दादा घरात नाही, म्हणजे काहीतरी बरं नाही. दुसऱ्या दिवशी ते इस्पितळाच्या फाटकापर्यंत जाऊन, एक सिगरेट न पेटवता हातात धरून, परत आले होते. ठोके वाचता येत होते त्यांना. आजचेही वाचता येत होते. उत्तर बघून ठोकलेले होते ते.

"असं का रे," ते रिकाम्या खोलीत म्हणाले.

चौथ्या प्रश्नाला त्यांनी ठोकलं नाही.

*

"तिकडून काही आलं नाही," टिल्ली म्हणाली. तिने मूठ वर केली, शून्य बोटांची.

पाचव्यालाही मूठ. सहाव्याला ती मूठ वर करायचीच विसरली आणि फ्रॉकची लेस चावत बसली. दादांनी पेन्सिल कानामागे खोचली. बाकी कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, म्हाताऱ्याला कार्यक्रमाचा कंटाळा आला. पण माईंनी स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे पाहिलं आणि गॅस बंद करून बाहेर आल्या. बेचाळीस वर्षांचा संसार, त्यांना नवऱ्याच्या पाठीवरून कळायचं.

"काय झालं?"

"काही नाही. त्याने सोडलं."

"काय सोडलं?"

"ठोकायचं." दादांनी पेन्सिल कानामागून काढून पुन्हा खोचली. "आधी प्रश्न न ऐकता ठोकत होता. आता ऐकूनही ठोकत नाही. काय समजायचं माणसाने?"

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचं काम कानाचं. शहरातल्या तीन डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ती घरबसल्या ऐकायची आणि टाइप करायची, पायाखालच्या पेडलने आवाज थांबवत, मागे नेत, पुढे नेत. इंटरनेटच्या जुन्या जोडणीवर फायली अर्ध्यात तुटायच्या. गेल्या महिन्यात दोनदा तुटल्या, आणि डॉक्टरांपैकी एकाने सरळ सांगितलं की पुन्हा झालं तर दुसरं कुणीतरी बघतो. म्हणून तो नवा पांढरा डबा फळीवर आला होता. टीव्हीही आता त्यावरच चालत होता, म्हणून केबल गेली होती. दादा तिला लाडाने टायपिस्टबाई म्हणत, आणि डबा आला त्या दिवशी त्यांनीच फळीवरची पुस्तकं उचलून जागा करून दिली होती.

घडी घालताना तिच्या कानावर काहीतरी आलं. भिंतीतल्या कागदी बोळ्यामागून, अगदी बारीक. टाळ्या.

त्यांच्या टीव्हीवर कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. निवेदिका सातवा प्रश्न अर्धा वाचून श्वास घेत होती.

सुनेने टॉवेल खाली ठेवला. ती भिंतीपाशी गेली, गुडघ्यावर बसली आणि बोळ्याला कान लावला. पलीकडून निवेदिकेचाच आवाज येत होता, पण ती दुसरंच काहीतरी बोलत होती. सुनेने ते वाक्य मनात धरलं, जसं कामावर धरायची, आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन.

"काय करतेस तू?" तिचा नवरा आत आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रविवारीसुद्धा त्याच्या अंगाला ग्रीसचा वास असायचा.

तिने हात वर करून त्याला गप्प केलं. छत्तीस, सदतीस, अडतीस. आणि त्यांच्या टीव्हीवरच्या निवेदिकेने तेच वाक्य तसंच्या तसं म्हटलं.

"आपण मागे आहोत," ती म्हणाली.

"कुठे मागे?"

"टीव्ही. इंटरनेटवरून येतो तो उशिरा पोचतो. काकांच्या तारेवर आधी येतो. अडतीस सेकंद." ती दादांकडे वळली. "दादा, काकांनी प्रश्नाआधी नाही ठोकलं. त्यांच्याकडे प्रश्न होऊन गेला होता. आपल्याकडे यायचा होता."

दादांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे मी शिळं प्रूफ वाचतोय."

"हो. तसंच काहीसं."

"आणि मी ठोकतो तेव्हा त्याच्याकडे?"

ती बोळ्याकडे बघत राहिली. तिचं ते बघणंही दादांनी वाचलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"त्याच्याकडे उत्तर सांगून झालेलं असतं," ते म्हणाले. "तो म्हणत असेल, दादा बघून ठोकतो."

निवेदिका हसत होती. नवऱ्याने रिमोट उचलून तिचा आवाज बंद केला.

"मी जाऊन सांगतो काकांना," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"या घरातून त्या दारात कुणी जायचं नाही."

"दादा, सतरा वर्षं झाली."

"मला मोजता येतं."

"मग केबल परत लावून घेऊ. उद्याच्या उद्या बोलावतो त्या माणसाला."

सून खाली बघत होती. हे तिच्यामुळे झालं होतं आणि खोलीत ते कुणी म्हणत नव्हतं, म्हणून तिला जास्तच लागत होतं. "लावू या परत," ती म्हणाली. "दोन्ही ठेवता येतील. किंवा मी बघते कामाचं काहीतरी."

"काय बघणार आहेस?" माईंचा आवाज आला. एरवी त्या नवऱ्याच्या बाजूने असत किंवा मुलाच्या. आज त्या सुनेच्या शेजारी भिंतीपाशी जमिनीवर येऊन बसल्या, गुडघे कुरकुरले तरी. "तो डॉक्टर आधीच डोळे वटारून बसलाय. हिचं काम हिचं आहे. त्याला हात लावायचा नाही. ह्यांच्या खेळासाठी सुनेने नोकरी सोडली म्हणून पुढे मला ऐकवाल."

"मी कशाला ऐकवेन?"

"तुम्ही नाही ऐकवणार. तुम्ही गप्प बसून ऐकवता. त्याचा मला जास्त त्रास होतो."

दादा खरंच गप्प बसले, आणि मग आपण गप्प बसलोय हे लक्षात येऊन खाकरले.

"मला तो काहीही म्हणो," ते शेवटी म्हणाले. "चुकलास म्हणाला, सतरा वर्षं म्हणतोय, ते मी घेतलं. लबाड म्हणू नये. बाकी काही नाही."

माईंनी भिंतीकडे पाहिलं. "दारात जायचं नाही ना?"

"नाही."

"भिंतीत गेलेलं चालेल?"

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी दोन बोटांनी भोकातला कागदाचा बोळा ओढून काढला. पलीकडचा टीव्ही एकदम स्पष्ट ऐकू यायला लागला. नवव्या प्रश्नाचं उत्तर सांगत होते.

*

"थांब," दादा म्हणाले. "नीट सांगायला हवं. लिहून देतो."

त्यांनी बोळा उलगडून मांडीवर सपाट केला आणि कोऱ्या बाजूला लाल पेन्सिलीने लिहायला घेतलं. 'आमच्याकडील प्रक्षेपण विलंबाने होत असल्यामुळे'. थांबले. 'प्रक्षेपण' खोडून 'चित्र' केलं. मग 'विलंबाने' खोडलं. मग सगळं वाक्यच उलटं फिरवावं असं वाटून बाण काढला.

"दादा, कार्यक्रम संपेल," सून म्हणाली.

"घाईत लिहिलेलं चुकतं."

"आणि सावकाश लिहिलेलं पोचत नाही," माई म्हणाल्या.

हे चाललेलं असताना टिल्ली मांडीवरून कधी उतरली ते कुणाला कळलं नाही. भोक तिच्याच उंचीचं होतं. तिने आधी डोळा लावून पाहिलं, मग डोळा काढून तोंड लावलं.

"भिंतीतले आजोबा," ती म्हणाली, "आमचा टीव्ही उशिरा बोलतो. आजोबा बघून नाही ठोकत. आजोबांना खरंच येतं."

दादांची पेन्सिल कागदावर थांबली.

पलीकडे काहीच हललं नाही. टिल्लीने पुन्हा डोळा लावला.

"काय दिसतंय?" माईंनी कुजबुजून विचारलं.

"पाय."

"कसे आहेत?"

"मोज्यातले. एका मोज्याला भोक आहे."

दादांच्या तोंडून काहीतरी निसटलं, हसण्यासारखं. धाकट्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक लहानपणापासून पडायचं. त्यावरून आई दोघांनाही ओरडायची, कारण भोक पडलेला मोजा बहुतेक वेळा थोरल्याचा असायचा.

खिळेकाका खुर्चीतून उठले नव्हते. भिंतीतून आलेला आवाज त्यांनी पुरता ऐकला होता. कुणाचा आहे हे त्यांना माहीत होतं. पोर रस्त्यात दिसायची, शाळेचं दप्तर पोटावर घालून चालायची, आणि ते दुसरीकडे बघायचे, कारण तिने काही विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. आता त्यांना बोलायचं होतं. घसा साफ केला. पण सतरा वर्षं ज्या तोंडाने दादाचं नाव घेतलं नाही, ते ऐनवेळी कोणत्या शब्दाने सुरुवात करणार?

त्यांनी रिमोट शोधला आणि आवाज वाढवला. अजून वाढवला. मग उठून टीव्हीची चाकांची घडवंची दोन्ही हातांनी धरली आणि भिंतीच्या भोकापाशी ढकलत आणली.

अलीकडे सगळ्यांनी ती चाकं ऐकली. पुढच्याच क्षणी निवेदिका जणू दादांच्या खोलीत येऊन बोलायला लागली. शेवटचा प्रश्न, ती म्हणाली.

सुनेच्या नवऱ्याने दादांचं स्टूल उचललं आणि भोकाजवळ ठेवलं. दादा उठले, बसले, भिंतीला कान लावला. समोरचा त्यांचा स्वतःचा टीव्ही मुका होता आणि त्याच्यावर मागच्याच प्रश्नाचा स्पर्धक अजून डोकं खाजवत होता.

कोणत्या ग्रहाला स्वतःभोवती एकदा फिरायला त्याच्या वर्षापेक्षा जास्त वेळ लागतो? बुध, मंगळ, गुरू, शुक्र.

टक.

एकच ठोका. इतक्या जवळून, की दादांच्या कानात वाजला. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, बुध, असं काहीसं. पेन्सिल कानामागून काढली. पलीकडच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, चौदा उरले असतील, तेरा.

टक.

मग दोन्ही घरांत सगळे निवेदिकेची वाट बघत राहिले. माईंनी सुनेचा हात धरला होता, बहुधा उठताना आधार लागेल म्हणून, पण त्या उठत नव्हत्या.

शुक्र, निवेदिका म्हणाली. चौथा पर्याय. स्पर्धकही चुकला होता.

मग पलीकडून एक हसू आलं, घोगरं, बरेच दिवस न वापरलेलं. दादाही हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, कान भिंतीपासून न काढता. दोघांचंही उत्तर एकच, आणि दोघांचंही चूक.

"चांगलं आहे," माई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं.

पलीकडची चाकं पुन्हा हलली नाहीत. निवेदिकेने घाईत निरोप घेतला, लगेच हवामान सुरू झालं, आणि दादा हवामानही कान लावून ऐकत बसले, जणू उद्याच्या वाऱ्याशी त्यांचा फार संबंध होता. सुनेचा नवरा हळूच स्वयंपाकघरात गेला. कागद जमिनीवर पडला होता, निम्मा खोडलेला. भोकात परत घालायला कुणी तो उचलला नाही.

सून खाली बसलेलीच होती. टिल्ली येऊन तिच्या मांडीवर रेलली. समोरच्या मुक्या पडद्यावर शेवटच्या प्रश्नाचं घड्याळ अजून उतरत होतं, स्पर्धक ओठ चावत होता, त्याला अजून माहीत नव्हतं.

"आई, हा आता चुकणार ना?"

"हो."

"तिकडे तर चुकलासुद्धा."

"हो. तिकडे आधी होतं, आपल्याकडे नंतर."

टिल्लीने आजोबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून भिंतीशी बसले होते, पेन्सिल गुडघ्यावर, ओठांवर मघाचं हसू थोडं उरलेलं. मग तिने भोकाकडे पाहिलं, जिथून पलीकडचा उजेड एका नाण्याएवढा जमिनीवर पडला होता.

"आई," ती हळूच म्हणाली, आजोबांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून, "तिकडे सगळं आधी होतं, तर त्यांचं भांडण तिकडे संपून गेलंय का?"